पडवी आणि अडसर

आमच्या मोटारहोमच्या आतल्या भिंतीवर निळ्या चिकटपट्टीचा वीतभर तुकडा अजून आहे. त्यावर पेन्सिलीच्या आठ बारीक रेघा आणि प्रत्येक रेघेपुढे गावाचे नाव: नेपरव्हिल, डेव्हनपोर्ट, डे मॉइन, ओमाहा, लिंकन, असे. काही रेघा एकमेकींवर बसलेल्या, काही सुट्या. सगळ्यात दूरची रेघ पहिलीपासून सव्वा इंचावर. ‘काढून टाक ते, घाण दिसतं,’ असे बायको दोनदा म्हणाली. मी काढलेले नाही. आवडत्या कवितेचा कच्चा खर्डा हाती लागला तर कोणी रद्दीत घालत नाही.

ज्यांनी हे वाहन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मोटारहोम म्हणजे बसएवढे चालते घर. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या रस्त्यांवर गाडीला १०२ इंच रुंदीची मुभा आहे, म्हणजे साडेआठ फूट. तेवढ्यात सोफा, ओटा आणि जेवणाचे टेबल मांडले की मध्ये उरते ती चाळीतली वाट. समोरून कोणी आले तर एकाने बाजूला व्हायचे. म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर भिंतीचा एक भला मोठा तुकडा सोफ्यासकट, खिडकीसकट तीनेक फूट बाहेर सरकतो आणि निघताना पुन्हा आत येतो. याचे नाव स्लाइड-आउट, बोलताना नुसते ‘स्लाइड’. माझ्या सासूबाई मिरजेच्या. त्यांनी पहिल्याच संध्याकाळी तिचे बारसे केले: पडवी. घर बांधून झाल्यावर बाजूला काढतात ती. याहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

या पडवीचे माहेर इंडियाना राज्याच्या उत्तरेला आहे. एल्कहार्ट आणि आसपासच्या गावांत अमेरिकेतली बहुतांश मोटारहोम आणि राहायचे ट्रेलर तयार होतात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे कारागीर मोठ्या संख्येने आहेत. घरी विजेची तार घ्यायची नाही, स्वतःची मोटार ठेवायची नाही, अशा रिवाजातली ही माणसे दिवसभर परक्यांसाठी वीज आणि इंजिन असलेली घरे जोडतात. त्याच भागातल्या नॅपनी गावच्या न्यूमार कंपनीने १९९० मध्ये स्लाइड बाजारात आणली, असे या धंद्यात मानतात. त्याआधीही काही ट्रेलरांना बाहेर झुकणारे, हाताने ओढायचे कोपरे होते. पण आजच्या स्लाइडची वंशावळ न्यूमारपासून सांगायची पद्धत आहे. मला गंमत वाटते ती त्याच्याही मागची. याच नॅपनीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉपस नावाचा कारखाना स्वयंपाकघरातली उभी कपाटे बनवायचा. त्या काळच्या अशा कपाटांची खुबी मधल्या फळीत होती. कामाला बसताना ती बाहेर ओढायची, काम झाले की आत ढकलायची. फळी ते खोली हे नाते मीच लावतो आहे, पण ज्या गावच्या सुतारांच्या हाताला सरकत्या फळीची सवय होती तिथेच सरकती खोली रुजावी, हे मला पटते. आणि दोघींचे दुखणेही एकच आहे. बाहेर काढणे हा पोरखेळ. आत गेलेली आतच राहावी, यात सगळी कारागिरी.

आमची राहत नव्हती, हे सगळ्यात आधी सासूबाईंना कळले. त्या त्याच सोफ्यावर पट्टा लावून बसल्या होत्या, हातात पाण्याचे फुलपात्र. मी एका चौकातून उजवीकडे वळण घेत असताना मागून शांत आवाज आला.

‘जावईबापू, तुमची पडवी निघाली.’

‘निघाली म्हणजे?’

‘उजवीकडे वळलात की सरकते. मघाशीही सरकली होती. मी काही बोलले नाही. म्हटलं, असेल इथली पद्धत.’

गाडी बाजूला घेऊन पाहिले. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात उजेडाची एक उभी रेघ पडली होती, आणि शेजारून ट्रक गेला की तिथून शीळ यायची. आमच्या गाडीत हँडब्रेक लावल्याशिवाय स्लाइडचे बटण चालत नाही. तो लावला, बटण दाबले, खोली शहाण्यासारखी आत गेली, रेघ मिटली. पुढे चाळीस मैलांवर पुन्हा तेच.

सव्वा इंचाने काही बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. महामार्गाची एक मार्गिका १२ फुटांची असते. साडेआठ फुटांची गाडी बरोबर मधून चालवली तरी दोन्ही बाजूंना २१ इंचच उरतात, आणि आरसे त्यातलेही खातात. पण मला मापापेक्षा स्वभावाची भीती वाटत होती. जी खोली सव्वा इंच येते तिला फूटभर येण्यापासून काय अडवते, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

शाळेत रसग्रहण शिकवताना आमचे सर म्हणायचे, आधी कविता काय म्हणते ते ऐका, तुम्हाला काय म्हणायचे ते नंतर. सासूबाईंच्या वाक्यात सगळा अर्थ होता आणि तो मी ऐकूनही ऐकला नव्हता: *उजवीकडे* वळलात की. आमची पडवी ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे अमेरिकेत डावीकडे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा डावीकडची प्रत्येक वस्तू सरळ जायचा हट्ट धरते, म्हणजे बाहेर ओढ घेते. महामार्गाच्या क्लोव्हरलीफ जोडावर तर डावीकडचा रस्ता धरायलाही उजवीकडूनच पाऊण वर्तुळ फिरावे लागते. ताशी २५ मैलांचा वेग आणि पन्नास मीटर त्रिज्येचे वळण धरले तर ओढ वस्तूच्या वजनाच्या साधारण पाव पट होते. सोफा, टेबल, खिडक्या आणि एक सासूबाई मिळून पडवी सहाशे किलोंची धरा. दीडशे किलोंचा माणूस ती भिंत बाहेरून ओढतो आहे असे समजायचे. रस्त्याला वळणावर दिलेला उतार त्यातले थोडे कमी करतो. उरलेले कोणाला तरी पेलावे लागते.

म्हणून चिकटपट्टी लावली. एक बाजू स्थिर भिंतीवर, शेजारून सरकत्या चौकटीची कड. थांबा आला की कड जिथे असेल तिथे रेघ ओढायची, आणि बटणाला हात लावायचा नाही. मग नेब्रास्का आले. लिंकन आणि ग्रँड आयलंड यांच्यामध्ये इंटरस्टेट ८० जवळजवळ ७२ मैल सरळ जातो. गाडी चालवणारे या पट्ट्याला शिव्या देतात, आणि मीही आधी दिल्या आहेत. पण त्या दिवशी तो रस्ता म्हणजे माझी प्रयोगशाळा होती. वळण नाही, चढ नाही, ओढ नाही; फक्त चाकांची धडधड. दोन्ही टोकांच्या रेघा काढल्या तर केसभर फरक नाही. पुढच्या वळणदार जोडावरून उतरलो आणि रेघ पाव इंच पुढे. म्हणजे आमची खोली स्वतःहून बाहेर येत नव्हती. ओढले की येत होती, आणि आली की परत जात नव्हती. या दोन वाक्यांतला फरक कळला तर निम्मे निदान झाले. रबरी सील फुगून खोलीला ढकलत असते, तर ती सरळ रस्त्यावरही आली असती. नुसता ढिलेपणा असता तर डाव्या वळणावर ती परत आत गेली असती.

आता इथे माझ्यातला रसिक चळला, ते कबूल करतो.

आमच्या गाडीची स्लाइड हायड्रॉलिक आहे. पंप तेल दाबतो, सिलिंडरमधला पिस्टन दांड्यासकट सरकतो आणि खोली त्याच्याबरोबर जाते. पंप बंद झाल्यावर खोलीला धरून ठेवायला दात नाहीत, साखळी नाही, कडी नाही. एक छोटा व्हॉल्व्ह बंद होतो, दांड्याच्या बाजूला तेल कोंडले जाते, आणि त्या कोंडलेल्या तेलाच्या भरवशावर सहाशे किलोंची खोली ताशी ६५ मैलांनी चालते. तेल दबत नाही, या एका गुणावर सगळे उभे. मला ही कल्पना फार देखणी वाटते.

आणि तिच्यात एक त्याहून देखणी खोच आहे. पिस्टनच्या एका अंगाला दांडा असतो, दुसऱ्या अंगाला नसतो. दांड्याने जागा खाल्ल्यामुळे त्या अंगाला तेलाला ढकलायला क्षेत्र कमी मिळते. समजा पिस्टनचे सील झिजले. कोंडलेले तेल हळूहळू पलीकडे झिरपेल आणि दोन्ही अंगांचा दाब सारखा होईल. दाब सारखा, पण पलीकडचे क्षेत्र मोठे. म्हणजे जोर पलीकडचा जास्त, आणि दांडा बाहेर. खोलीला आत धरण्यासाठी कोंडलेला दाबच तिला बाहेर ढकलायला लागतो. राखणदारानेच दार उघडावे तसे. हे मला सुचले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, कॅम्पग्राउंडच्या दिव्याखाली मी कागदावर वर्तुळे काढत होतो, आणि मला वाटले, सापडले! इतके सुंदर स्पष्टीकरण खोटे कसे असेल?

समीक्षकांचे असेच होते. कवितेत नसलेला अर्थ इतका आवडतो की मग कवितेनेच थोडे सरकून घ्यावे अशी अपेक्षा सुरू होते. सील झिजले असते तर खोली सरळ रस्त्यावरही थोडी तरी सरकली असती, हे माझीच चिकटपट्टी सांगत होती. मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

शेजारच्या जागेवर एक निवृत्त मेकॅनिक मुक्कामाला होता. त्याने माझी वर्तुळे कौतुकाने पाहिली आणि विचारले, ‘दुधाचा रिकामा कॅन आहे का?’ परीक्षा अगदी साधी. खोली पूर्ण आत घ्यायची. सिलिंडरची बाहेर ढकलणारी नळी सोडून कॅनमध्ये धरायची. मग कोणीतरी आत घ्यायचे बटण दाबून धरायचे. पिस्टनचे सील गळत असेल तर तेल पलीकडून येतच राहील. गळत नसेल तर नळीत उरलेले येईल आणि थांबेल. दाबाखालच्या नळीला हात लावायचा नाही, हे त्याने दोनदा बजावले. सुईएवढ्या भोकातून उडालेले तेल कातडीत घुसते आणि मग दवाखान्याशिवाय इलाज नसतो. ही नळी मात्र त्या वेळी दाबाखाली नसते. बटण बायकोने दाबले. लाल तेल आले, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये घालतात तेच. अर्धी वाटी झाली. मग थेंब. मग काही नाही. पिस्टन धडधाकट होता, आणि माझा निबंध संपला.

दुसरी परीक्षा मला जास्त आवडली, कारण तिचा जीव भुताच्या गोष्टीत आहे. झपाटलेले काय, घर की माणूस? हे ठरवायला माणसाला दुसऱ्या घरात झोपवायचे. आमच्या गाडीत बेडरूमलाही एक छोटी स्लाइड आहे, तिचा व्हॉल्व्ह तसाच, अंगठ्याएवढा. दोघांची अदलाबदल केली आणि रस्त्याला लागलो. पन्नास मैलांनी पडवी जागच्या जागी होती आणि बेडरूमची भिंत अर्धा इंच बाहेर. दोष व्हॉल्व्हबरोबर चालत गेला होता.

व्हॉल्व्ह उघडला तो टेबलावर वर्तमानपत्र पसरून. आत एक छोटा पोलादी शंकू आपल्या गोल बैठकीवर बसतो, इतका घट्ट की मध्ये तेलालाही वाट नाही. त्या बैठकीच्या कडेवर पांढरा तंतू आडवा पडला होता. शेवईचे टोक मोडावे तेवढा, तांदळाच्या कणीहून लहान. नळ जोडताना प्लंबर आट्यांवर गुंडाळतात त्या पांढऱ्या पट्टीचा धागा. हायड्रॉलिकचे जाणकार ही पट्टी जवळ येऊ देत नाहीत, ती याच कारणाने. आदल्या उन्हाळ्यात एका दुकानात पंप बदलून घेतला होता. पडवी निघायला लागली ती त्यानंतर. ‘शेवटचे काय बदलले?’ हा प्रश्न मी पहिल्या दिवशी स्वतःला विचारला असता, तर नेब्रास्कात झोप काढली असती. तंतू चिमट्याने काढला, ओ-रिंग नवी घातली, तेल बदलले. नंतरच्या रेघा एकमेकींवर बसल्या आहेत.

सगळ्याच पडव्या तेलावर चालत नाहीत. दातेरी पट्टी आणि विजेची मोटार असलेल्या स्लाइडमध्ये खोलीला धरतो तो मोटारीचा ब्रेक. तिथे सगळ्यात लाजिरवाणे कारण सगळ्यात आधी तपासावे. बॅटरी उतरली म्हणून कोणीतरी खोली हाताने आत घेतलेली असते, त्यासाठी ब्रेक सोडायचा खटका फिरवलेला असतो आणि तो परत लावायचा राहिलेला असतो. तारांनी ओढायच्या स्लाइडमध्ये तार सैल पडते. भिंतीतच बसवलेल्या पातळ रुळांवर दोन बारीक मोटारी चालतात, अशीही एक जात आहे. ती हलकी आणि स्वस्त, पण माझ्या मनात भरत नाही. सासूबाईंना ब्रेकची गोष्ट लगेच समजली. तंबोऱ्याची खुंटी सुटते तसेच, त्या म्हणाल्या. खुंटीलाही दात नसतात, नुसते घर्षण. सरकायला लागली की मिरजेत तिला खडू लावतात.

गाणे शिकलेल्या असल्यामुळे त्यांनी आणखी एक गोष्ट पकडली, जी मला कोणत्याही पुस्तिकेतून इतकी नीट कळली नव्हती. खोली आत येऊन टेकली की पंपाचा आवाज बदलतो, जड होतो, खाली उतरतो. मी टेकल्याचा धक्का बसताच बटण सोडायचो. म्हणजे खोली आत, पण तेल पुरते दाबलेले नाही. ‘सूर बसू द्या की,’ त्या म्हणाल्या. आता आवाज उतरल्यावर मी मनात चार आकडे मोजतो आणि मगच बोट उचलतो. तंतू नसता तरी ही घाई कधीतरी भोवलीच असती.

अडसराचा शब्दही त्यांचाच. त्यांच्या वाड्याच्या दाराला लाकडी अडसर होता, भिंतीतल्या भोकातून ओढून घ्यायचा. कडी-कोयंडा, कुलूप सगळे असूनही रात्री तो लागायचाच. बाजारात स्लाइडसाठी धातूचे आडवे दांडे मिळतात, मापाने लांब-आखूड होणारे. मी घरच्या लाकडाचा केला. अमेरिकेत ‘टू-बाय-फोर’ म्हणून जे लाकूड मिळते ते प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते. त्याचा एक तुकडा सरकत्या खोलीची आतली चौकट आणि गाडीची स्थिर भिंत यांच्यामध्ये बसेल असा कापला, दोन्ही टोकांना जुन्या चपलेचे रबर ठोकले. हायड्रॉलिकच्या शौकिनांना हा अपमान वाटतो, आणि त्यांचे एका अर्थी बरोबर आहे. लाकडाने गळका व्हॉल्व्ह दुरुस्त होत नाही. उलट तो गळतो आहे हे झाकले जाते. म्हणून आधी रेघा ओढाव्यात, दोष काढावा आणि मगच अडसर लावावा, असे माझे मत आहे.

या लाकडाचा एकच धोका आहे आणि तो खरा आहे. मुक्कामी पोहोचल्यावर अडसर तसाच राहिला आणि कोणी बटण दाबले, तर तेलाचा सगळा जोर त्या चौकटीवर येतो आणि चौकट फाटून निघते. सासूबाईंनी परतायच्या आदल्या दिवशी जुन्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी फाडली. अडसर लावलेला असेल तेव्हा ती स्लाइडच्या बटणावर बांधलेली असते, काढला की खुंटीवर. तुमच्याकडे लुगडे नसेल तर कोणतीही लाल चिंधी चालेल, पण बांधा.